कस्टर्ड एर्लिसचे गमबूट

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात आडनावाचा काही उपयोग नाही. निम्मं गाव प्रिचर्ड, उरलेलं रॉबर्ट्स. त्यामुळे माणूस ओळखला जातो तो कामावरून. मी खाटवाली नॉन. फर्निचरचं दुकान नाहीये माझं, कौन्सिलात नोकरी आहे. ज्या मुलांना काही ना काही कारणाने आपल्या आईबापांपाशी राहता येत नाही, त्यांना सांभाळणारी घरं शोधायची आणि मिळालेली घरं टिकवायची, हे माझं काम. दर शुक्रवारी सकाळी मी यादी घेऊन बसते आणि एकेका घरी फोन लावते, "खाट रिकामी आहे का गं?" वीस वर्षं हेच विचारतेय, मग लोक दुसरं काय नाव ठेवणार?

नवी घरं शोधणं त्यातल्या त्यात सोपं. मेंढ्यांच्या प्रदर्शनात टेबल मांडायचं, फुगे वाटायचे, गोड बोलायचं. दहा जण नाव देतात, त्यातले दोघं प्रशिक्षणाला येतात आणि एक टिकतो. घर टिकवताना मात्र नाकी नऊ येतात. कुणाला खासगी संस्था जास्त पैसे देऊन पळवते, कुणाची गुडघेदुखी आड येते, कुणाला आमचाच कंटाळा येतो. माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे मी पेन्सिलने खूण करते, हे डळमळतंय, ते डळमळतंय म्हणून. एर्लिस प्रिचर्डच्या नावापुढे तेरा वर्षांत एकदाही खूण केली नव्हती. त्यामुळे मार्चमध्ये तिचा राजीनामा आला तेव्हा मला वाटलं, भलत्याच कुणाचा कागद हिच्या पाकिटात पडलाय.

एर्लिस आधी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तीस वर्षं तिने गावातल्या पोरांना कस्टर्ड वाढलं, म्हणून ती कस्टर्ड एर्लिस. तिचा नवरा एल्विन बस चालवायचा, तो एल्विन आठ नंबर. बस बंद होऊन सहा वर्षं झाली, नाव चालूच आहे. एल्विन मोजून बोलतो. एर्लिस बोलते पुष्कळ, पण कामाचंच. तिला मूल झालं नाही आणि त्याबद्दल ती कधी अवाक्षर काढत नाही. स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्याच आठवड्यात माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली की घरात खोली आहे, भांडी मोठी आहेत, काय काय भरायचं असेल ते दे. अठरा पानांचा फॉर्म तिने तिथेच बसून भरला, एकही रकाना न सोडता.

नियम म्हटला की एर्लिसने तो पाळायचाच. शाळेत फ्रीजचं तापमान दर दोन तासांनी लिहायचा नियम होता. एका वर्षी गुडघाभर बर्फ पडलं, शाळा चार दिवस बंद. ही बाई रोज टेकडी चढून जायची आणि तापमान लिहून यायची. हेडमास्तरांनी विचारलं तर म्हणाली, लिहू नकोस असं कुणी सांगितलं नव्हतं. गावात हा किस्सा अजून सांगतात आणि हसतात. मीही हसत आलेय.

मुलं सांभाळायला लागल्यावरही तेच. रोज काय घडलं ते वहीत लिहायचं असतं. बाकीच्या बायका शनिवारी बसून आठवड्याभराचं एकदम लिहितात, तेही मी तीनदा ओरडल्यावर. एर्लिसच्या वहीत रोजचं रोज असायचं. 'नेलने आज दोन बटाटे खाल्ले. तिसऱ्याकडे बघितलं पण मागितला नाही. उद्या न विचारता तीन वाढणार.' तिच्या वह्या वाचायला मला आवडायच्या, कामाचा भाग म्हणून नाही, नुसत्याच.

ही नेल म्हणजे सहा वर्षांची पोर, तिच्याकडे शेवटी आलेली. आली तेव्हा मुकी आहे की काय असं वाटावं इतकी गप्प. पाच महिने एक शब्द नाही. मग एकदा जेवताना एल्विनने मीठ मागितलं आणि नेलने मिठाची बरणी सरकवत आमच्या वेल्श भाषेत म्हटलं, "घ्या." एल्विन सांगतो की त्याने त्या दिवशी सगळं जेवण खारट करून खाल्लं, पुन्हा पुन्हा मीठ मागून. तेव्हापासून नेल बोलते, थोडं, आणि फक्त आमच्या भाषेत. इंग्रजी कानावर पडली की पुन्हा तोंड बंद.

म्हणून तर तो राजीनामा वाचून मी आधी कॅलेंडर काढलं. अठ्ठावीस दिवसांची मुदत. तेवढ्यात नेलसाठी दुसरं घर बघायचं, आणि आमच्या सगळ्या यादीत वेल्श बोलणारी एकही खाट रिकामी नव्हती. रिकामी होती ती पार इंग्लंडात, मोटारीने तीन तासांवर. चांगलीच माणसं असतील ती, पण मीठ द्या म्हणायला पोरीने बोलायचं कुणाशी?

माझा साहेब इद्रिस माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि तक्त्यांचा भारी शौकीन. त्याने एर्लिसला सोडून जाण्याच्या कारणांचा फॉर्म पाठवला. त्यात चौदा चौकोन आहेत, तब्येत, पैसे, घरातली अडचण, कौन्सिलची वागणूक वगैरे वगैरे. लोक चार-चार ठिकाणी खुणा करून पाठवतात. एर्लिसने एकाही चौकोनात खूण केली नाही. खाली 'इतर' असं लिहिलेलं होतं, तिथे तिच्या गोल अक्षरात एकच ओळ होती. 'मला आता वाट बघणं जमत नाही.'

कसली वाट? मी आणि इद्रिस त्या कागदाकडे बघत बसलो. आमचे फोन वेळेवर येत नाहीत ही सगळ्यांची तक्रार असते, तेव्हा मला वाटलं, झालं, सापडलं. मी तिला माझा खासगी नंबर दिला आणि सांगितलं, कधीही कर, पहिल्या घंटीला उचलीन. तिने आभार मानले आणि एकदाही फोन केला नाही. मग मला आठवलं, नेलच्या खोलीची खिडकी दुरुस्त करायला माणूस पाठवतो म्हणून आम्ही सप्टेंबरपासून सांगत होतो. तो माणूस मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या मागे उभी राहून पाठवला. खिडकी झाली, राजीनामा तिथेच. इद्रिसने फळांची टोपली आणि सोनेरी कडांचं प्रशस्तिपत्र धाडलं. एर्लिसने टोपलीची पोच लिहून पाठवली, नियमाप्रमाणे. मला काही केल्या कळेना. खासगी संस्थेने फूस लावली असेल असंही माझ्या मनात येऊन गेलं, आणि आल्याबद्दल माझीच मला लाज वाटली.

असे सोळा दिवस गेले. नेलच्या फाइलवर इंग्लंडातल्या त्या घराचा पत्ता पेन्सिलने लिहून झाला होता.

सतराव्या दिवशी मी न कळवता त्यांच्याकडे गेले. पाऊस लागला होता. एर्लिस दुकानात गेली होती. एल्विनने दार उघडलं, मला आत घेतलं, किटली ठेवली आणि मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. तिथे नेल पायरीवर बसली होती. अंगणात छान डबकं झालं होतं आणि ही पोर मोजे घालून त्याच्याकडे बघत बसलेली. मागे भिंतीला लागून फळीवर गमबुटांची रांग होती. लाल, निळे, बेडकाचे डोळे काढलेले हिरवे, अगदी तान्ह्यांचे वाटावेत एवढे चिमुकले. स्वच्छ पुसलेले, आणि प्रत्येकावर शाईने नाव. मी त्या घरी शंभर वेळा गेले असेन, पण बसले कायम पुढच्या खोलीत. ही फळी कधी बघितलीच नव्हती.

मी नेलला म्हटलं, घाल की एक जोडी आणि जा डबक्यात. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जणू साधं काही कळत नाही.

"ते त्यांचे आहेत," ती म्हणाली. "ती सगळी रुळली की न्यायला येणार आहेत."

"कोण सगळी?"

"लाउरी. आणि बाकीची. अजून रुळली नाहीत."

मी एल्विनकडे बघितलं. तो किटलीकडे बघत होता.

लाउरी हे नाव मला माहीत होतं. एर्लिसकडे आलेलं पहिलं मूल. सातव्या वर्षी आली, नवव्या वर्षी तिला डोंगरापलीकडच्या एका कुटुंबाने कायमचं घर दिलं. त्याला झाली अकरा वर्षं. मी मनात हिशेब केला, लाउरी आता वीस वर्षांची बाई असणार. त्या बुटांत तिची बोटंसुद्धा मावली नसती.

तेवढ्यात एर्लिस पिशव्या घेऊन आली. मी फळीपाशी उभी आहे हे तिने बघितलं. पिशव्या ठेवल्या, हात धुतले, कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. आत चौदा कागद होते. प्रत्येकाचा मजकूर एकच, नाव आणि तारीख तेवढी वेगळी. 'मूल नव्या घरी रुळेपर्यंत पूर्वीच्या कुटुंबाने भेट, फोन अथवा पत्रव्यवहार करू नये. मागे राहिलेल्या वस्तू त्यानंतर नेण्यात येतील. मूल रुळल्यावर कार्यालय तसे कळवील.' खाली सही माझी.

तो कागद मीच लिहिला होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी, एका दुपारी, घाईत. सहा आठवडे माझ्या डोक्यात होते. सहा आठवड्यांत मूल नव्या घराला सरावतं, मग खुशाल फोन करा, भेटा, वाढदिवसाला बोलवा. पण सहा आठवडे हे शब्द मी लिहिलेच नव्हते. आणि मूल गेलं की त्याची फाइल जाते वरच्या मजल्यावर, दुसऱ्या विभागाकडे. त्यांना वाटतं कळवायचं काम खालच्यांचं. आम्हाला वाटतं वरच्यांचं. कुणी कुणाला कधी काही कळवलं नाही.

"अगं, पण हा कागद कुणीच पाळत नाही," मी म्हटलं. खरंच नाही पाळत. बाकीच्या सगळ्या बायका तो घडी करून कुठेतरी टाकतात आणि आठवड्याभरात फोन करतात. आम्हालाही ते माहीत असतं आणि आम्ही काणाडोळा करतो.

"तो पाळायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नाही," एर्लिस म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती फक्त सांगत होती. आणि मग म्हणाली, "मी तुला दर वर्षी विचारायचे, नॉन."

विचारायची खरं. दर वर्षी तिच्या घरी मी आढावा घ्यायला जायचे, आणि उठता उठता ती विचारायची, लाउरी कशी आहे, तो अमका कसा आहे. आणि मी कोटाची बटणं लावत सांगायचे, "रुळतेय हो, रुळतेय." मला काय माहीत असणार? फाइल वर. बरं चाललंय एवढंच मला म्हणायचं असायचं, चार माणसांत म्हणतो तसं. ती मात्र ते कार्यालयाचं उत्तर म्हणून घ्यायची. म्हणजे अजून रुळली नाही. म्हणजे अजून थांबायचं. अकरा वर्षं मी माझ्या तोंडाने तिला थांबायला सांगत होते.

मी आत जाऊन तोंड धुऊन आले. आल्यावर विचारलं, मग आत्ताच का, इतकी वर्षं थांबलीस आणि आत्ताच राजीनामा का? एर्लिसने नेलकडे बघितलं. नेल दाराशी जाऊन पाऊस बघत होती. एर्लिस हळू आवाजात सांगू लागली. नेलचे पाय वाढले, जुने बूट होईनात, तिने फळीवरचे मागितले. एर्लिसने सांगितलं की ते दुसऱ्यांचे आहेत. तेव्हा नेलने विचारलं, मी गेले की माझे पण इथेच राहतील का?

"मी काय सांगणार तिला?" एर्लिस म्हणाली. "अजून एक जोडी पुसत बसायची ताकद नाही आता माझ्यात. जायचंच असेल तर ती जीव लावून बसायच्या आत जाऊ दे."

जीव लावून बसायच्या आत म्हणे. पोर तिच्या एप्रनचा बंद बोटाला गुंडाळून उभी राहायची रोज.

एर्लिसचा राग कुणावर आहे हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. माझ्यावर असायला हवा होता. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली की तुझी नोकरी आहे, तू तरी काय करणार, आणि मला केकचा तुकडा वाढला.

ऑफिसात परतले ती तडक इद्रिसकडे. तो म्हणाला की असं परस्पर कुणाचा नंबर काढता येत नाही, परवानगी लागते, वरच्या मजल्याला पत्र लिहावं लागतं, महिना तरी जातो. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे अकरा दिवस आहेत, आणि लाउरी वीस वर्षांची आहे, तिची परवानगी तिलाच विचारायची असते. मग आमच्या कपाटातला तसाच एक कागद त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. मग स्वतः उठून वर गेला आणि अर्ध्या तासाने एका चिठ्ठीवर नंबर लिहून खाली आला. तक्त्यांचा शौकीन असला तरी मनाने बरा आहे तो.

लाउरी बेकरीत कामाला होती. डोंगरापलीकडे, म्हणजे आमच्यापासून मोटारीने वीस मिनिटं. मी नाव सांगितलं, कौन्सिलातून बोलतेय म्हटलं. मी अडखळत अडखळत सांगत गेले, कागद, सही, सहा आठवडे, फळी, गमबूट. मध्येच मला वाटलं, हिने फोन ठेवला. पण नव्हता ठेवला.

"मला सांगितलं होतं की तू रुळलीस की एर्लिस आंटी फोन करेल," ती म्हणाली. "मी खूप प्रयत्न केला हो. पलंग स्वतः आवरायचे. रडायचे नाही. नावडती भाजी खायचे. दोन वर्षं तरी केलं असेल. मग मला वाटलं, मला जमत नाहीये."

मी कपाळाला हात लावून बसले. मग विचारलं, शनिवारी येशील का माझ्याबरोबर एर्लिसकडे?

शनिवारी तिला घेऊन मी एर्लिसकडे गेले. आदल्या दिवशी फोन करून कळवलं होतं, लाउरी येतेय. एर्लिसने विचारलं होतं, किती वाजता, आणि मी दोन म्हटलं होतं. गाडी थांबली तेव्हा दोनला पाच कमी होते, आणि एर्लिस फाटकाच्या आत उभी होती, एप्रन घालून, हात एकमेकांत घट्ट धरून. लाउरी उतरली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. दोघी उंचीला सारख्या. मधे कमरेइतकं फाटक, नुसतं ढकललं तरी उघडतं असं. कुणीच ढकलेना.

मला कळेना हे काय चाललंय. मी एल्विनकडे बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. एर्लिसही माझ्याकडे. लाउरीही मान वळवून माझ्याकडेच. शेवटी नेलच बोलली, एर्लिसच्या मागून, डोकं बाहेर काढून.

"ही रुळली का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदावर लिहिलं होतं, कार्यालय कळवील. आणि तिथे कार्यालय म्हणजे मी होते. फोनवर मी एवढं बोलले, लाउरी येतेय सांगितलं, वेळ सांगितली, पण ते वाक्य मी दोघींपैकी एकीलाही म्हटलं नव्हतं.

मी कोटाची बटणं लावली. का लावली कोण जाणे. "लाउरी रुळली," मी म्हटलं. "कधीच रुळली. कार्यालयाने कळवायला उशीर केला."

एर्लिसने फाटक उघडलं. पुढचं मी बघितलं नाही, मी आणि एल्विन दोघंही रस्त्यापलीकडच्या मेंढ्या बघत होतो, बराच वेळ.

नंतर पडवीत लाउरीने फळीवरून आपले लाल बूट काढले, हातात धरून हसली, रडली, परत हसली. मग खाली बसून नेलला म्हणाली, पाय पुढे कर. बूट नेलला अर्धं बोट मोठे होत होते. एर्लिस म्हणाली, मोजे दोन घालू. नेल तशीच धावत डबक्यात गेली.

मी एर्लिसला हळूच विचारलं, राजीनाम्याचं काय करू?

"नेल कुठे जात नाही," ती म्हणाली. "तो तीन तासांवरचा पत्ता खोड आधी." मग ती फाइल तिने पुन्हा माझ्या हातात ठेवली. वरचा लाउरीचा कागद तिने काढून घेतला होता. "तेरा राहिले. तेराही जणांचं मला कळव. मग पुढची खाट विचारायला फोन कर."

मी हो म्हटलं. गाडीत बसून फाइल उघडली आणि एकेक नाव वाचत गेले. त्यातल्या तिघांचा पत्ता आता आमच्याकडेही नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. एर्लिस फाटकाशी उभी राहून माझी गाडी निघायची वाट बघत होती.